बैलगाडी शर्यतीची सद्यःस्थिती : शौकिनांच्या मतांचा विचार

एखाद्या लोकक्रीडेची स्थिती कशी आहे हे ठरविण्यास तिच्या मैदानांची संख्या वा बक्षिसांच्या रकमा पुरेशा नसतात. जो प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या ती पाहत आला, त्याचे तिच्याविषयी काय मत आहे याचीही दखल अभ्यासकाने घ्यावयास हवी. बैलगाडी शर्यतीच्या अशा जाणत्या प्रेक्षकास आपल्याकडे ‘शौकीन’ म्हणतात. सोलापूर, सांगली व सातारा या जिल्ह्यांतील शौकिनांच्या बोलण्यात आज एक विसंगती आढळते. शर्यत पुन्हा सुरू झाल्याचे समाधान आणि ती पूर्वीची राहिली नाही ही खंत, ही दोन्ही एकाच तोंडून ऐकू येतात. या विसंगतीचा अर्थ लावण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. या शर्यतींचा मुख्य बैल खिलार जातीचा होय. सांगोला, मंगळवेढे, आटपाडी, म्हसवड हा अवर्षणाचा टापू त्याची जन्मभूमी. थिल्लारी धनगरांनी आणि लहान शेतकऱ्यांनी ही जात जोपासली. खिलार गाय दूध बेताचेच देते. तिचे मोल होते ते तिच्या खोंडात. कोरडवाहू शेतीत ओल उडण्यापूर्वी पेरणी उरकावी लागे, बाजाराचा पल्ला लांब असे. त्यामुळे चपळ व काटक बैलाला किंमत होती. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतील व पंढरपूरच्या कार्तिकीतील जनावरांचे बाजार याच व्यवहारावर उभे राहिले. सुगीनंतरच्या जत्रेत लावली जाणारी शर्यत ही शेतकऱ्याच्या वर्षभराच्या निगराणीची जाहीर परीक्षा असे.

या परीक्षेत खंड पडला तो कायद्याने. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० अन्वये ज्या प्राण्यांच्या खेळांवर बंदी आहे, त्यांच्या यादीत केंद्र शासनाने जुलै २०११ मध्ये बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टू व बैलगाडी शर्यती बेकायदेशीर ठरविल्या. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे धावण्यास योग्य नाही, असे न्यायालयाचे मत पडले. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ मध्ये दुरुस्ती अधिनियम केला, परंतु उच्च न्यायालयाच्या मनाईमुळे तो अमलात येऊ शकला नाही. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना अनुमती दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरविले.

या निर्णयाचा अर्थ शौकीन बहुधा ‘आमची परंपरा न्यायालयाने मान्य केली’ असा करतात. तो अपुरा आहे. एखादी प्रथा सांस्कृतिक वारसा आहे की नाही हे ठरविणे विधिमंडळाचे काम आहे, अशी घटनापीठाची भूमिका होती; आणि राज्यांच्या कायद्यांनी व नियमांनी खेळाचे स्वरूप बदलून प्राण्याची यातना कमी केली आहे, या गृहीतावर निर्णय उभा आहे. म्हणजे शर्यतीची वैधता नियमपालनाशी बांधलेली आहे. म्हणूनच चाबूक, खिळे वा विजेचा झटका यांचा वापर होताना दिसल्यास पंचांनी गाडी बाद केली पाहिजे, असा आग्रह धरणारे शौकीन शर्यतीचे शत्रू नसून तिचे खरे रक्षक ठरतात. उलट ‘थोडे मारल्याशिवाय बैल पळत नाही’ हे मत मान्य केल्यास २०१४ च्या निर्णयातील युक्तिवादच आपण कबूल केला, असे होते.

दुसरे मत पैशाविषयीचे आहे. बक्षीस म्हणून ट्रॅक्टर व मोटारी दिल्या जातात. नामांकित बैलाची किंमत अनेक लाखांत जाते. तयार बैल विकत घेणारा मालक आणि त्याला वाढविणारा शेतकरी हे निराळे होत चालले आहेत. जुन्या शौकिनाची तक्रार अशी की, पूर्वी मैदानात दावणीचा बैल पळे, आता पळण्यापुरताच ठेवलेला बैल पळतो. या तक्रारीत मत्सराचा अंश असेलही. परंतु तिच्यातील निरीक्षण अचूक आहे.

अशीच तक्रार एका दूरच्या खेळातही ऐकू येते. अमेरिकेतील नॅस्कार ही मोटार शर्यतींची संस्था १९४८ मध्ये स्थापन झाली. १९४९ मध्ये तिने सुरू केलेल्या मुख्य मालिकेची अट अशी होती की, दुकानात सामान्य ग्राहकास मिळणारी मोटारच धावली पाहिजे. कालांतराने धावणारी गाडी केवळ शर्यतीसाठीच बांधली जाऊ लागली, दुकानातील गाडीशी तिचे साम्य बाह्य आकारापुरते उरले. आणि तेथील जुने प्रेक्षक त्याबद्दल आजही हळहळतात. दोन्हीकडे प्रेक्षकाला हवा असतो तो केवळ वेग नव्हे. जे आपल्या घरी आहे तेच मैदानात धावत आहे, हा विश्वास त्याला हवा असतो. मात्र भेद असा की, मोटारीला वेदना नाही व वंशही नाही.

वंशाचा हा मुद्दा तिसऱ्या मताकडे नेतो. शर्यत टिकली तरच खिलार टिकेल, असे जवळजवळ प्रत्येक शौकीन सांगतो. या विधानात तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान देशातील गोवर्गीय नरांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. या घटीचे प्रमुख कारण यांत्रिक शेती हे आहे, शर्यतबंदी नव्हे. शर्यतीमुळे निवडक खोंडांना चढा भाव मिळतो हे खरे. परंतु जात टिकते ती गाईंच्या संख्येवर व वळूंच्या विविधतेवर. मोजक्याच विजयी बैलांच्या वंशाला मागणी राहिली, तर जातीचा पाया अरुंद होण्याचा धोका संभवतो. शिवाय मैदानात न चाललेल्या खोंडाचे आणि दुष्काळात कडबा महागल्यावर दारातील गाईचे काय करावयाचे, याचे उत्तर बक्षिसात सापडत नाही.

शौकिनांच्या मतांतील विसंगतीचा उलगडा येथे होतो. कायद्याने शर्यत परत दिली. तिला अर्थ देणारी बैलांची शेती मात्र कायदा परत देऊ शकत नाही. शौकीन ज्याला शर्यतीचा ऱ्हास म्हणतो, तो वस्तुतः तिच्या भोवतालच्या ग्रामव्यवस्थेचा ऱ्हास आहे. तेव्हा खिलारच्या रक्षणाचा दावा गंभीरपणे करावयाचा असेल, तर मैदानाच्या उत्पन्नातील काही वाटा गाय पाळणाऱ्याच्या दावणीपर्यंत पोहोचला पाहिजे, आणि शर्यतीचे यश विजयी जोडीच्या वेगावर न मोजता टापूतील खिलार गाईंच्या संख्येवर मोजले पाहिजे. ही गणना तालुकावार करणे अभ्यासकांना शक्य आहे, आणि तिच्यासाठी सोलापूरइतके योग्य क्षेत्र क्वचितच आढळेल.