प्रवेश नाकारता? मग लेखी द्या!

जून महिना उजाडला की आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांत बदल होतो. बांधाचे तंटे, पोटगीचे दावे मागे पडतात आणि हातात प्लास्टिकची पिशवी धरलेले आईबाप पुढे येतात. राळेगणसिद्धीच्या आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून येतात, सुप्याच्या एम.आय.डी.सी.त रोजंदारी बुडवून येतात. पिशवीत रेशनकार्ड, आधारकार्ड, जातीचा दाखला, पोराचा शाळा सोडल्याचा दाखला. सांगणे ठरलेले, "साहेब, पोराचं नाव वेटिंगला आहे म्हणतात." नाहीतर, "शाळेनं नाही म्हटलं." आमचा प्रश्नही ठरलेला. कोणी नाही म्हटले? मुख्याध्यापकांनी? कागद कुठे आहे? उत्तर येते, "कागद नाही दिला साहेब, शिपायानंच दारावर सांगितलं, जागा भरल्या म्हणून."

वाचकहो, आमच्या मुलांच्या प्रवेशाची सारी रड या एका उत्तरात आहे. जो नकार कागदावर नाही त्याविरुद्ध दाद कुठे मागणार? आणि कशाच्या आधारावर मागणार? शाळेला हे पुरते ठाऊक असते. म्हणूनच तोंडाने 'नाही' सांगायला शिपाई पुरतो आणि लेखी द्या म्हटले की खुद्द साहेब 'बाहेर' गेलेले असतात!

कागदाची ताकद काय असते हे पाहायचे तर १८५६ सालच्या धारवाडला जावे लागेल. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तिथल्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. शाळेने नाकारला. मुलगा गप्प बसला नाही, त्याने सरकारकडे दाद मागितली. मुंबई सरकारने काय म्हणावे? एका महार मुलासाठी सवर्णांच्या मुलांना त्याच्याशेजारी बसायला भाग पाडले तर शाळा ओस पडेल, म्हणून प्रवेश देणे योग्य नाही! पण अर्ज लेखी होता आणि नकारही लेखी होता. त्यामुळे प्रकरण तिथेच दाबता आले नाही. ते १८५७ साली कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलपुढे गेले. बंगालच्या सरकारी शाळेत अशा मुलाला नाकारले नसते असे तिकडून कळवण्यात आले. पुढे लंडनला कंपनीच्या संचालकांपर्यंत पोचले. १८५८ साली त्यांनी स्पष्ट केले की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. तेवढ्याने शाळांचे दरवाजे उघडले असे नाही, पुढे १८८२ च्या हंटर आयोगालाही तेच तत्त्व पुन्हा सांगावे लागले. पण तत्त्व कागदावर आले ते एका पोराच्या अर्जामुळे. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदन ठेवताना बाबासाहेबांनी हे प्रकरण मुद्दाम मांडले. दारावरच्या शिपायाच्या तोंडी नकारावर तो मुलगा परत फिरला असता तर बाबासाहेबांना पुरावा म्हणून दाखवायला काय उरले असते?

आता आमच्या राळेगणसिद्धीकडे वळू. या गावाचे नाव पाणलोटासाठी जगभर गेले, पण शाळेची गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. गावात हायस्कूल नव्हते. शिक्षण सोडायचे नाहीतर पायपीट करायची, एवढेच पोरांच्या हाती होते. १९८० च्या सुमारास गावाने श्रमदानातून संत यादवबाबांच्या नावाने शाळा उभी केली, तर जिल्हा परिषदेची मान्यता मिळेना. अण्णा हजारे यांनी १९८० मध्ये उपोषण केले ते या मान्यतेसाठी. पुढे या शाळेने प्रवेशाचा शिरस्ताच उलटा केला. दुसरीकडे हुशारांना आधी घेतात, इथे नापास झालेल्यांना, शाळेतून काढून टाकलेल्यांना आधी घेत. लांबलांबून पोरे आली, वसतिगृहात राहिली आणि पास होऊन गेली.

हजारे यांच्याशी या चळवळीचे मतभेद जुने आहेत. गावातल्या दलित वस्तीच्या ताटात काय असावे हे गावाने ठरवावे का, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारला आणि आम्हीही विचारला. २०११ च्या लोकपाल आंदोलनात तर संसदेलाच वेठीला धरल्याचा आमचा आक्षेप होता आणि आजही आहे. पण नाकारलेल्या पोराला शाळेत घेतले, याचे मोल आम्ही कमी लेखणार नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. एका संस्थेच्या चांगुलपणावर ज्याला जागा मिळते, त्याचा त्या जागेवर हक्क तयार होतो काय? संस्थेचे मन बदलले, चालक बदलले, तर त्या पोराने कोणाकडे जावे? आम्हाला मेहरबानीची जागा नको, आदेशाची हवी. ज्याविरुद्ध अपील करता येते तोच आदेश!

याच पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला जिल्ह्याचे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सहावीला जास्तीत जास्त ८० जागा. राहणे, जेवण, पुस्तके सारे केंद्र सरकारचे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागाला, एक तृतीयांश मुलींना. अनुसूचित जातींच्या जागा जिल्ह्यातल्या लोकसंख्येच्या प्रमाणात, पण १५ टक्क्यांहून कमी नाहीत. परीक्षा जन्मात एकदाच देता येते. ऊसतोड्याच्या, वीटभट्टीवाल्याच्या पोराला बारावीपर्यंत नेणारी अशी दुसरी शाळा जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. निवड यादीत नाव आले की वस्तीवर पेढे वाटले जातात. आणि नेमके त्यानंतर, कागदपत्रांच्या पडताळणीत आमची पोरे गळतात!

कसे गळतात ते नीट समजून घ्या. १९५६ नंतर आमच्या आईबापांनी अभिमानाने शाळेच्या रजिस्टरला 'बौद्ध' लिहिले. ते योग्यच होते. केंद्राने मात्र बौद्ध धर्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना अनुसूचित जाती म्हणून मानायला १९९० साल उजाडू दिले. तेव्हाच्या दुरुस्तीनंतर हक्क मिळाला, पण प्रमाणपत्रावर मूळ जात हवी आणि धर्मांतराचा उल्लेख हवा. त्यासाठी आपल्या राज्यात 'नमुना ७' आहे. जुना 'नवबौद्ध' असा दाखला, किंवा नुसते 'बौद्ध' लिहिलेला शाळेचा दाखला केंद्राच्या शाळेत चालत नाही. प्रांत कार्यालयात गेले की १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळेचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल. ज्यांच्या आजोबाला शाळेत घेतलेच नाही, त्यांच्याकडे शाळेचा उतारा मागायचा! असो. कायदा आज असा आहे. हा दाखला पोरगा पाचवीत असतानाच काढून ठेवला पाहिजे. निकाल लागल्यावर सेतू केंद्रापुढे रांग लावली तर ठरलेल्या तारखेला दाखला हातात पडत नाही, आणि मग ती जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलाला जाते. त्यात त्या मुलाचा दोष नाही. प्रतीक्षा यादी हलते ती कोणाची तरी जागा सुटली म्हणून, आणि कागदाअभावी सुटलेल्या जागांत आमच्या पोरांची जागा असता कामा नये.

प्रतीक्षा यादीबद्दल आमच्या लोकांत दोन भ्रम आहेत. एक, नाव 'वेटिंग'ला म्हणजे गेले. दुसरा, कोणा पुढाऱ्याची चिठ्ठी नेली की नाव वर सरकते. दोन्ही खोटे. यादीत क्रमांक असतो आणि जागा क्रमाने द्यावी लागते. शाळेकडे लेखी मागा, आमचा क्रमांक कितवा, आजवर कितव्या क्रमांकापर्यंत प्रवेश दिला, किती जागा रिकाम्या. सरकारी व अनुदानित शाळांना माहितीचा अधिकार लागू आहे, ज्या कायद्याच्या लढ्याशी राळेगणचे नाव जोडलेले आहे तोच. अर्थात त्यात उत्तराला ३० दिवस आणि प्रवेश आठ दिवसांत संपतो. म्हणून माहितीच्या अर्जावर विसंबून राहू नये. त्याच दिवशी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे साधा तक्रार अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यावा. शिक्का मारायला कारकून टाळाटाळ करील. मग तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा.

इंग्लंडात हायस्कूलच्या जागांचे निर्णय दरवर्षी १ मार्चच्या सुमारास घरोघर कळवले जातात. पसंतीची शाळा नाकारली असेल तर कारण लेखी द्यावे लागते, आणि स्वतंत्र मंडळाकडे अपील करता येते हेही त्याच पत्रात सांगावे लागते. तिकडे सगळे आलबेल आहे असे आम्ही म्हणत नाही, चांगल्या शाळेच्या आसपास घरांचे भाव चढतात आणि गरीब तिथेही मागे पडतो. पण नकाराचे पत्र मिळते. आमच्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम ३२ आहे. तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, निर्णय तीन महिन्यांत, त्यावर अपील राज्य बालहक्क आयोगाकडे. तीन महिने! जूनच्या तक्रारीचा निकाल सप्टेंबरात, तोवर पोरगा कुठे बसणार? तरीही तक्रार करायचीच. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दाखला मिळायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, कलम १३ प्रमाणे देणगी व मुलांची चाचणी दोन्हींना बंदी आहे, कलम १४ प्रमाणे वयाच्या पुराव्याअभावी नाकारता येत नाही. अर्जात कलमाचा आकडा दिसला की साहेबांचा सूर बदलतो, हा आमचा अनुभव आहे.

मात्र हे सारे आठवीपर्यंत. खरी गोम इथे आहे! खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीला २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांना मिळतात. सरकारने ९ फेब्रुवारी २०२४ ला नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना त्यातून मोकळे केले होते. पालक व संघटना कोर्टात गेल्या आणि १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हात घातला नाही. पहिलीचे दार वाचले. पण त्याच दारातून आत गेलेली मुलगी आठवी पास होते तेव्हा काय होते? शाळा म्हणते, नववीची पूर्ण फी भरा नाहीतर दाखला घेऊन जा. आठ वर्षे त्या बाकावर बसलेली, त्याच मैत्रिणींत वाढलेली मुलगी चौदाव्या वर्षी एका रात्रीत परकी होते. बाप पुन्हा आमच्यासमोर पिशवी घेऊन उभा राहतो आणि आम्हाला कायद्याचे पुस्तक उघडून सांगावे लागते की कलम १२ 'प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत' एवढेच बोलते. मग उरते काय? १९८७ चा देणगीबंदीचा कायदा, २०११ चा फी नियमनाचा कायदा. त्यांनी फी मर्यादेत राहील, माफ होणार नाही. अनुदानित हायस्कूलमध्ये दहावीपर्यंत शिक्षण फी नाही, पण माध्यम बदलते, आणि जूनमध्ये तिथल्या तुकड्या भरलेल्या असतात. म्हणून आठवीत असतानाच, जानेवारीत, जवळच्या अनुदानित शाळेला लेखी विचारावे. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या शासकीय निवासी शाळा सहावी ते दहावीपर्यंत आहेत, त्यांचीही चौकशी करावी.

दहावीनंतर २०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाईन झाले. पूर्वी हे मुंबई-पुण्याचे दुखणे होते, आता पारनेरच्या पालकालाही पसंतीक्रम भरावा लागतो. एकच गोष्ट सांगतो. पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले तर प्रवेश घेणे सक्तीचे आहे, नाकारला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर. तेव्हा सायबर कॅफेवाल्याने 'टाका कुठलंही' म्हटले म्हणून पहिला क्रमांक भरू नका. तात्पुरती गुणवत्ता यादी लागते तेव्हा हरकतीला मोजकेच दिवस असतात. प्रवर्ग चुकीचा पडला असेल तर त्याच दिवसांत लेखी हरकत हवी. आणि खुल्या जागा सवर्णांच्या नव्हेत, त्या गुणवत्तेने सर्वांच्या आहेत. आमच्या हुशार मुलीचे नाव आधी त्याच यादीत शोधा. नगरला वसतिगृह मिळाले नाही तर त्या नकाराचीही नोंद ठेवा, कारण शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठीच डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे.

नववी-दहावीचा खड्डा बुजवायचा तर कायदा दुरुस्त झाला पाहिजे. २०१९ च्या शैक्षणिक धोरणाच्या मसुद्यात शिक्षण हक्क कायदा बारावीपर्यंत न्यावा अशी शिफारस होती. २०२० च्या अंतिम धोरणात ती तशी राहिली नाही. ग्रामसभेचे नाव राळेगणने राज्यभर केले, त्याच ग्रामसभेचे हत्यार आता आपण वापरू. येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत प्रत्येक गावातल्या पालकांनी दोन ठराव मांडावेत. पहिला, २५ टक्क्यांतून आलेल्या मुलाचे संरक्षण दहावीपर्यंत वाढवावे. दुसरा, तालुक्यातल्या कुठल्याही शाळेने प्रवेश नाकारला तर कारण, तारीख आणि सहीसह त्याच दिवशी लेखी द्यावे. ठरावाची नक्कल ग्रामपंचायतीकडून मागून घ्यावी. आम्ही त्या गोळा करून शिक्षण संचालकांकडे पाठवणार आहोत.