पियानोची तुटलेली तार

भर पावसाळ्यातील एखाद्या रात्री गोव्यातील जुन्या घराच्या दिवाणखान्यात एकाएकी बार उडाल्यासारखा आवाज होतो. पियानोजवळ कोणीही बसलेले नसते. तरीही आतील एक तार तुटलेली असते. 'वाद्य संपले' असे समजून पुष्कळ घरांतून आजोबा-पणजोबांच्या काळचा पियानो भंगाराच्या भावाने दिला जातो. हा निर्णय बहुधा घाईचा असतो, कारण तुटलेली तार सांधता येते.

इ. स. १७०० च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने पियानो प्रथम घडविला. त्या वेळच्या तारा बारीक असून त्यांवर ताणही बेताचा असे. आजच्या पियानोत ८८ पट्ट्या व सुमारे २३० तारा असतात. प्रत्येक पोलादी तारेवर साधारणपणे ७० ते ९० किलो वजन टांगावे इतका ताण असतो. सर्व तारांचा मिळून तो १५ ते २० टनांच्या घरात जातो. लाकडी सांगाड्याला हा भार पेलवेना, म्हणून एकोणिसाव्या शतकात ओतीव लोखंडाची चौकट प्रचारात आली.

इतक्या ताणाखालील तार मधोमध क्वचितच तुटते. खुंटीवरील वेढ्यापाशी किंवा जेथे ती टेकून वळते तेथे ती तुटते. वाकलेल्या जागी पोलाद थकते. त्यात समुद्रकाठची दमट, खारी हवा गंजाची भर घालते. म्हणूनच जाणता कारागीर जुनी तार चढविण्यापूर्वी किंचित उतरवितो. गंजाने धरलेली पकड सुटते आणि मगच तो तिला स्वरात आणतो.

खर्जाच्या तारांवर तांब्याचे वेष्टन असते. अशी प्रत्येक तार तिच्या स्वरापुरती मापून बनविलेली असते. नवी तार मागविता येते. परंतु तिचा लखलखीत नाद शेजारच्या जुन्या तारांशी लवकर जुळत नाही. तांब्याचा भाग शाबूत असेल तर गाठ मारणे हाच उत्तम उपाय होय. मूळ तारेच्याच जाडीचा पोलादी तुकडा घेऊन त्याच्या टोकाला फास करतात, तसाच फास जुन्या टोकाला करतात आणि दोन्ही एकमेकांत गुंतवितात. ताण वाढेल तशी गाठ आवळत जाते. मात्र ती हातोडीच्या माऱ्यात किंवा नाद थांबविणाऱ्या गादीखाली येता कामा नये. तुकड्याचे दुसरे टोक खुंटीवर सुमारे तीन वेढे देऊन बसवितात. याकरिता तुटलेली तार फेकून न देता तिचे सर्व तुकडे जपून ठेवावेत.

वरच्या सप्तकातील साध्या तारांची गोष्ट निराळी. तेथे एका स्वराला तीन तारा असतात आणि बहुधा एकच लांब तार खिळ्याला वळसा घालून दोन तारांचे काम करते. त्यामुळे ती तुटली की दोन तारा एकदम गप्प होतात. अशी तार गाठ न मारता संपूर्ण नवी घालणे सोपे. परंतु नवे पोलाद काही आठवडे ताणले जात राहते व स्वर पुनःपुन्हा उतरतो. तो तितक्याच वेळा लावून घ्यावा लागतो. पहिल्याच आठवड्यात स्वर उतरला म्हणून कारागिराला दोष देणे योग्य नव्हे.

या कामाला मर्यादाही आहेत. सर्वच तारा गंजल्या असतील तर एक सांधताच दुसरी तुटते. तेव्हा सर्व तारा बदलण्याचा खर्च झेपेल काय, हे आधी पाहावे. तसेच हे काम हौसेने घरी करू नये. ताणलेली तार निसटली तर डोळ्याला इजा होऊ शकते.

तथापि एकच तार तुटली असेल तर पियानो विकण्यापूर्वी कारागिराला एकदा अवश्य दाखवावा. नीट मारलेली गाठ झाकण उघडल्यावर डोळ्यांना दिसते. पट्टी दाबणाऱ्याच्या कानाला ती सहसा कळतही नाही.