ईथरनेटच्या तारेवरून घरचे ध्वनिमुद्रण

घरी बसून गाणे मुद्रित करणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. बरा मायक्रोफोन, संगणक आणि या दोहोंच्या मध्ये बसणारी एक पेटी, एवढ्यावर काम भागते. या मधल्या पेटीला बाजारात ऑडिओ इंटरफेस म्हणतात. आपण तिला रूपांतरक म्हणू. कारण आवाजाने उठलेल्या विजेच्या कंपांचे आकड्यांत रूपांतर करणे हेच तिचे मुख्य काम होय. ही पेटी बहुधा यूएसबीच्या तारेने संगणकास जोडलेली असते. परंतु अशा कित्येक पेट्यांच्या पाठीवर आता ईथरनेटचे पोर्टही असते. आपल्या घरच्या राउटरला असते तसलेच. त्यातून आवाज कसा जातो, आणि घरी मुद्रण करणाऱ्याने त्या वाटेला जावे की नाही, एवढाच आज आपल्यापुढे प्रश्न आहे.

प्रथम रूपांतरक काय करतो ते पाहू. मायक्रोफोनकडून येणाऱ्या विजेच्या दाबाचे तो एका सेकंदात ४८,००० वेळा माप घेतो आणि प्रत्येक माप २४ बिटांच्या आकड्यात लिहितो. २४ बिटांत १,६७,७७,२१६ निरनिराळ्या पायऱ्या मावतात, त्यामुळे तानपुऱ्याचा विरत जाणारा स्वरही त्यांतून निसटत नाही. मापे इतकी दाट घेण्याचे कारण असे की, ज्या कंपसंख्येचा स्वर टिपावयाचा तिच्या दुपटीहून अधिक वेळा माप घ्यावे लागते. आणि माणसाचा कान फार तर सेकंदाला २०,००० कंपांपर्यंत ऐकतो. ४८,००० ला २४ ने गुणले की एका मायक्रोफोनचे सेकंदाला सुमारे साडेअकरा लक्ष बिट होतात. आजच्या साध्या ईथरनेटची तार सेकंदाला १०० कोटी बिट वाहून नेते. म्हणजे जागेची टंचाई मुळीच नाही. अडचण निराळी आहे, आणि ती वेळेची आहे.

ईथरनेटची कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील संशोधनकेंद्रात मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासह ती प्रत्यक्षात आणली. त्या वेळी सर्व यंत्रे एकाच तारेवर असत. दोघे एकदम बोलू लागले तर दोघांनीही थांबावयाचे, दैवावर सोडलेला थोडा वेळ वाट पाहावयाची आणि पुन्हा बोलावयाचे, अशी त्यांची रीत होती. कागदपत्रे पाठविण्यास ही रीत उत्तम. पत्र पाव सेकंद उशिरा पोहोचले म्हणून कोणाचे बिघडते? आता प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार असते आणि मध्ये स्विच नावाची पेटी टपाल कचेरीचे काम करते. त्यामुळे टक्कर टळली, पण रांग टळली नाही. एकाच दारातून बाहेर पडावयाची पाकिटे अनेक झाली की काहींना थांबावे लागते.

आवाजही याच पाकिटांतून जातो. एका मिलिसेकंदाची ४८ मापे एका पाकिटात भरली तर सेकंदाला १,००० पाकिटे निघतात. एखादे हरवले तर ते परत मागविण्यास सवड नसते; ते येईपर्यंत त्याचा क्षण वाजून गेलेला असतो. म्हणून परत मागण्याची पद्धतच येथे सोडून दिलेली आहे. त्याऐवजी घेणारे यंत्र थोडी पाकिटे साठवून मग वाजवू लागते, आणि स्विचला सांगून ठेवलेले असते की ध्वनीचे पाकीट दिसले तर ते रांगेत पुढे घ्यावे.

आता घड्याळाकडे येऊ. या विषयाचे मर्म तेथेच आहे. प्रत्येक रूपांतरकात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो आणि त्याच्या ठोक्यावर मापे घेतली जातात. कोणतेही दोन स्फटिक हुबेहूब एका चालीने चालत नाहीत. समजा, गवयाचा मायक्रोफोन एका पेटीवर आहे, तबल्याचा दुसरीवर, आणि दोन्ही पेट्या आपापल्या ठोक्याने चालल्या आहेत. दोघींच्या चालीत दहा लाखांत अवघा २० चा फरक असला तरी सेकंदाला जवळजवळ एका मापाचे अंतर पडते. ख्याल तासभर रंगला तर शेवटी ते अंतर ७२ मिलिसेकंद होते. बैठकीत जी सम नेमकी आली ती मुद्रणात फुटते. गायकाचा स्वर एकीकडे, तबल्याचा धा दुसरीकडे. दोष मात्र बिचाऱ्या तबलजीच्या माथी येतो!

यूएसबीच्या एकाच पेटीवर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे घड्याळच एक असते. ईथरनेटवर मात्र पेट्या अनेक, आणि ठोका वाहून नेणारी वेगळी तार नाही. म्हणून वेळही पाकिटातूनच पाठवितात. त्याची नियमावली आयईईई-१५८८ या नावाने २००२ साली ठरली आणि २००८ साली सुधारली गेली. युक्ती अशी: सर्वांत एक घड्याळ थोरले ठरते. ते दुसऱ्यांना कळविते की, ‘हे पाकीट टाकले तेव्हा माझ्याकडे इतके वाजले होते.’ धाकटे घड्याळ उलट पाकीट धाडते, आणि ते केव्हा पोहोचले हे थोरले त्यास सांगते. जाण्यायेण्याचा एकूण वेळ निम्मा केला की वाटेत किती वेळ गेला ते समजते, आणि धाकट्याला आपले काटे जुळविता येतात. जाण्याला व येण्याला सारखाच वेळ लागतो, हे यात गृहीत आहे. स्विचमध्ये रांग झाली की हे गृहीत ढासळते. म्हणून स्विच बरा असावा लागतो. सर्व नीट असेल तर घड्याळे सुमारे एका मायक्रोसेकंदापर्यंत जुळतात, आणि दोन मापांतील अंतर तर जवळजवळ २१ मायक्रोसेकंदांचे आहे.

या पायावर निरनिराळे पंथ उभे राहिले. २००६ साली स्थापन झालेल्या ऑडिनेट या ऑस्ट्रेलियन कंपनीचा दान्ते, जर्मनीत निघालेला राव्हेना, आणि एव्हीबी, ज्याची सोय अ‍ॅपलच्या मॅक संगणकांत मुळातच आहे. यांची भाषा परस्परांस कळत नसे, म्हणून २०१३ साली एईएस-६७ हे समाईक मानक निघाले. तरीही पेट्या घेताना पंथ एकच ठेवावा, हे माझे मत. दान्ते जुन्या, २००२ च्या घड्याळावर चालतो आणि एईएस-६७ नव्या. त्यामुळे त्यांची गाठ घालताना खास सोय चालू करावी लागते, आणि घरच्या माणसाची संध्याकाळ त्यातच जाते.

मग घरी हे करावे का? एकटा गायक आणि एक वाद्य एवढेच असेल तर यूएसबी पुरे. उगाच खर्चात पडू नये. परंतु संगणकाच्या पंख्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरत असेल तर गोष्ट वेगळी. यूएसबी २.० ची तार पाच मीटरांवर संपते. ईथरनेटची १०० मीटर जाते. संगणक खुशाल माजघरात ठेवावा. शिवाय ईथरनेटच्या पोर्टात लहानसे ट्रान्सफॉर्मर असतात, त्यामुळे बिनकवचाची तार वापरली तर संगणकाच्या अर्थिंगमधून येणारी गुणगुण त्या वाटेने येत नाही. पेटी एकच असेल तर मध्ये स्विचही नको. तार थेट संगणकात लावावी. स्विच घेतलाच तर वीज वाचविण्यासाठी तारेला मधूनमधून झोपविणारी त्याची सोय बंद करावी, कारण घड्याळाला ती झोप मानवत नाही. आणि वायफायवर हा खेळ करू नये.

एक गोष्ट मात्र तार बदलून सुटत नाही. गायकाचा आवाज पेटीतून संगणकात जाऊन पुन्हा हेडफोनमध्ये येईपर्यंत १५ मिलिसेकंद सहज लागतात. सुमारे पाच मीटर दूर बसलेल्याचा आवाज हवेतून इतक्याच उशिराने येतो, आणि तो खटकत नाही. पण स्वतःचा आवाज हाडांतून लगेच कानी पडतो, मागून हेडफोनमधला येतो, आणि दोहोंच्या मिश्रणाने स्वर पोकळ वाटू लागतो. मग गायक नकळत सुराला दाबू लागतो. याकरिता संगणकाचा फेरा टाळून पेटीतूनच थेट हेडफोनमध्ये आवाज देण्याची सोय जिच्यात आहे, तीच पेटी घ्यावी.

दोन पेट्या वापरावयाच्या असतील तर बैठकीच्या आदल्या दिवशी दोन्ही मायक्रोफोन एकमेकांजवळ ठेवून मुद्रण सुरू करावे, एक टाळी वाजवावी, यंत्रे तासभर चालू द्यावी आणि पुन्हा एक टाळी वाजवावी. मग संगणकाच्या पडद्यावर दोन्ही पट्ट्यांतील टाळ्या मोठ्या करून पाहाव्या. पहिली जुळली आणि शेवटची सरकली, तर घड्याळे एक झालेली नाहीत.