कच्छच्या आखातातील मृत्तिका खनिजे
कच्छच्या आखातात ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या पंकभूमीच्या गाळात इलाइट व क्लोराइट ही मृत्तिका खनिजे प्रामुख्याने आढळतात. आखाताच्या दक्षिणेस सौराष्ट्राचा बेसाल्ट आहे; त्याच्या अपक्षयातून मुख्यतः स्मेक्टाइट तयार होते. इलाइट व क्लोराइट मात्र हिमालय व काराकोरममधील खडकांच्या झिजेतून सिंधू नदीच्या गाळाबरोबर समुद्रात येतात आणि भरतीच्या प्रवाहांनी आखातात शिरतात. नर्मदा व तापी यांचा गाळ मिळणाऱ्या खंबातच्या आखातात स्मेक्टाइटचे प्राबल्य असते. अशा रीतीने खनिजांच्या प्रमाणावरून गाळाचा उगम ओळखता येतो. सक्कर बंधारा (१९३२), कोटरी बंधारा (१९५५) इत्यादींमुळे सिंधूचा समुद्रात येणारा गाळ पुष्कळ घटला आहे. पंकभूमी व तिच्यावरील तिवरांची वने गाळावरच टिकून असल्याने हा उगम जाणणे किनाऱ्याच्या संरक्षणासाठी महत्त्वाचे ठरते.