तत्त्व उदार, रक्कम आखडती : दिल्लीतील नुकसानभरपाईच्या खटल्यांचा मागोवा

एखाद्याच्या कृतीमुळे किंवा हयगयीमुळे दुसऱ्याच्या शरीराला इजा झाली, तर फौजदारी शिक्षेखेरीज तिची पैशांत भरपाई मागण्याचा जो दिवाणी हक्क उत्पन्न होतो, तो अपकृत्य विधीत, म्हणजे करारावर अवलंबून नसलेल्या दिवाणी अपराधांच्या कायद्यात, मोडतो. भारतात हा विधी मुख्यतः निवाड्यांतून घडला असून त्यातील काही निर्णायक निवाडे दिल्लीतील दुर्घटनांतून निघाले आहेत.

चांदनी चौकातील टाऊन हॉलसमोरचा घड्याळाचा मनोरा कोसळून झालेल्या मृत्यूंबाबत सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये दिलेला निवाडा हा त्यांतील आरंभीचा होय. इमारत सुमारे 80 वर्षांची होती आणि वापरलेल्या चुन्याचा विचार करता तिचे आयुष्य 40 ते 45 वर्षांचेच होते, हे पुराव्यात आले. एरवी निष्काळजीपणा वादीने सिद्ध करावा लागतो; येथे मात्र, नीट देखभाल असती तर मनोरा पडलाच नसता, असा निष्कर्ष घटनेतूनच निघत असल्याने खुलाशाचे ओझे मालक असलेल्या महापालिकेवर आले.

4 डिसेंबर 1985 रोजी, भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर साधारण वर्षभराने, दिल्लीतील श्रीराम फूड्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. पुढील वर्षी 20 डिसेंबरला सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या पाच सदस्यीय पीठाने निरपेक्ष दायित्वाचे तत्त्व मांडले. धोकादायक उद्योग चालवणाऱ्याने कितीही काळजी घेतली असली, तरी अपघातातील हानी त्याने भरून दिलीच पाहिजे, आणि भरपाईचे मान उद्योगाच्या ऐपतीनुसार ठरावे, असा त्याचा आशय होता. एवढे मोठे तत्त्व सांगूनही न्यायालयाने स्वतः भरपाई दिली नाही; पीडितांच्या वतीने योग्य न्यायालयात दावे लावावेत, असा आदेश दिल्लीच्या कायदेविषयक साहाय्य मंडळाला दिला. तत्त्व उदार आणि रक्कम दूर, हे दुभंगलेपण पुढेही सुटले नाही.

त्याचा सर्वांत बोचरा प्रत्यय उपहार प्रकरणात येतो. 13 जून 1997 रोजी ग्रीन पार्कमधील उपहार चित्रपटगृहात रोहित्राच्या आगीचा धूर बाल्कनीत भरला. जादा आसनांमुळे बाहेर पडण्याची वाट अडली आणि 59 प्रेक्षक दगावले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2003 मध्ये 20 वर्षांवरील मृतांसाठी 18 लाख, त्याखालील मृतांसाठी 15 लाख आणि जखमींना प्रत्येकी एक लाख रुपये ठरवले. शिवाय गैरवर्तनाला जरब बसावी म्हणून अडीच कोटींची दंडात्मक भरपाई लावली. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मृतांसाठीच्या रकमा 10 लाख व साडेसात लाखांवर आणल्या, दंडात्मक रक्कम 25 लाख केली, परवाना देणाऱ्या पोलिसांना व महापालिकेला मोकळे केले आणि उरलेले दायित्व चित्रपटगृह व विद्युत मंडळ यांत 85 व 15 टक्के असे वाटले. उत्पन्नाच्या पुराव्याविना मोठी रक्कम ठरवता येत नाही, ही न्यायालयाची अडचण खरी असली, तरी जरब बसवण्यासाठीचा आकडा दशांशावर आल्यावर ती कोणाला बसणार, हा प्रश्न उरतोच.

हिशेबाची शिस्त आली ती मोटार अपघातांच्या क्षेत्रात. दिल्ली परिवहन महामंडळ प्रतिवादी असलेल्या 2009 च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने गुणकाची पद्धत एकसारखी केली. मृताच्या वार्षिक उत्पन्नातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेला वयानुसारच्या गुणकाने गुणायचे, आणि हा गुणक तरुणासाठी 18 असून वय वाढेल तसा 5 पर्यंत उतरतो. जखमीच्या बाबतीत मात्र वैद्यकीय प्रमाणपत्रातील अपंगत्वाच्या टक्केवारीपेक्षा कमावण्याची क्षमता किती घटली हे निर्णायक ठरते. उपचारखर्च, बुडालेले उत्पन्न आणि वेदना यांचा हिशेब वेगळा होतो.

हिशेबाची ही ठरीव सोय मुख्यतः वाहनांच्या अपघातांपुरती आहे, आणि त्यांचे दावे मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतात. कोसळलेल्या भिंतीखाली जखमी झालेल्याला आजही साधारणपणे कोर्ट फी भरून दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि न्यायाधिकरणाचे दार ठोठावण्यासही 1 एप्रिल 2022 पासून कायद्याने अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत घातली.