गिऱ्हाईक कचरा टाकतं, दंड मला का?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण दुकानासमोरच्या जागेबद्दल बोललो. त्यावर आमच्या बॅचमधल्या एका वडापाववाल्या दादांनी विचारलं, "मॅडम, कागद गिऱ्हाईक टाकतं, मग पावती माझ्या नावाने का?" प्रश्न रास्त आहे. पण लगेच पुढचं वाक्यही आलं, "आपली माणसंच अशी. परदेशात बघा!"

ठीक आहे, परदेशातच बघू.

सिंगापूर काही जन्मापासून चकाचक नव्हतं. १९६८ मध्ये पंतप्रधान ली क्वान यू यांनी स्वच्छतेची मोठी मोहीम काढली, मग दंड आले. १९९२ पासून तर कचरा टाकणाऱ्याला चारचौघांत झाडू मारायची शिक्षाही होऊ शकते. म्हणजे तिथे धाक आहे.

जपानचं गणित वेगळं. १९९५ मध्ये टोकियोच्या मेट्रोत विषारी वायूचा हल्ला झाला आणि त्यानंतर सार्वजनिक जागांवरच्या पुष्कळ कचरापेट्या उचलल्या गेल्या. तरी रस्ते स्वच्छ, कारण लोक कचरा पिशवीत घालून घरी नेतात. शाळेत मुलं स्वतःचा वर्ग स्वतः झाडतात, तिथून ही सवय लागते. पण मला त्यांची एक गोष्ट धंद्याच्या दृष्टीने जास्त आवडते. चालता चालता खाणं तिथे फारसं बरं दिसत नाही. ठेल्यावर घेतलं की लोक तिथेच उभं राहून खातात आणि काडी-कागद बहुतेक वेळा विकणाऱ्याकडेच परत देतात.

हे आपल्याकडे होणार नाही म्हणता? मालाड स्टेशनबाहेर पाणीपुरीवाल्याकडे पाच मिनिटं उभे राहा. शेवटची पुरी तोंडात गेली की द्रोण सरळ टबात! कुणी सांगावं लागत नाही. टब पायाशी आहे आणि माणूस तिथेच उभा आहे. तोच माणूस वडापाव घेऊन निघतो आणि वीस पावलांवर कागद सोडतो, कारण कागद रिकामा होतो तिथे काहीच नसतं. आणखी एक बघा. लोकलच्या खिडकीतून वेफर्सचं पाकीट भिरकावणारा प्रवासी मालाड पश्चिमला मेट्रोत चढला की तेच पाकीट घडी करून खिशात ठेवतो. माणूस तोच ना? मग 'आपली माणसंच अशी' कसं म्हणायचं?

आता पैशाचं बोलू. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. एवढ्या पाण्याला एकट्या पिशव्या जबाबदार नव्हत्या, पण गटारं तुंबवायला त्यांनी हातभार लावलाच. मालाडचा सबवे आजही जोराच्या पावसात भरतो. पाणी दुकानात शिरलं की भिजतो तो खालच्या फळीवरचा माल, आणि तो कोणाचा असतो ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी आली तेव्हा पहिल्याच वेळचा दंड ५,००० रुपये होता. छोट्या दुकानाची काही दिवसांची कमाई गेली!

म्हणून वडापाववाल्या दादांना मी दोन कामं दिली. एक, गाडीला लागून फळी लावा, म्हणजे गिऱ्हाईक तिथेच खाईल. (उभा राहिलेला माणूस दुसरा वडाही मागतो, हा वरचा फायदा.) दोन, डबा काउंटरखाली लपवू नका. लोक ज्या दिशेने निघतात त्या बाजूला ठेवा. झाकण नको, कारण हात लावायला लोकांना किळस येते. तोंड मात्र लहान ठेवा, नाहीतर आजूबाजूचे घरचा कचराही त्यातच आणून टाकतील. हे नक्की होतं, माझ्या दुकानाबाहेरही झालंय. आणि डबा रात्री स्वतः रिकामा करायचा, 'कोणीतरी नेईल' हा प्लॅन नव्हे.

तुम्हीही आज शटर ओढण्याआधी दुकानापासून वीस पावलं चाला. खाली पडलेल्यातले किती कागद तुमच्या दुकानातून गेलेत ते मोजा आणि आकडा कमेंटमध्ये टाका.