एका किलोमीटरवरचा परदेश

पहाटेच्या अंधारातच मलेशियातील जोहोर बारू शहरातून मोटारसायकलींची रांग दक्षिणेकडे सरकू लागते. समोर समुद्रात भराव घालून बांधलेला, सुमारे एक किलोमीटर लांबीचा 'कॉजवे' आणि त्यापलीकडे सिंगापूर. ही सीमा दररोज तीन लाखांहून अधिक लोक ओलांडतात. विरार किंवा कर्जतहून मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्यांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. फरक इतकाच, की येथे वाटेत देशाच्या सीमेवरील तपासणी पार करावी लागते. या रांगेत कारखान्यातील कामगार असतात, तसेच परिचारिका, अभियंते आणि लेखापालही असतात. शिकलेल्यांपैकी अनेक जण काही वर्षांनी रांगेत दिसेनासे होतात. ते पलीकडेच स्थायिक झालेले असतात.

मलेशिया हा काही दरिद्री देश नव्हे. तरीही जागतिक बँकेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार सुमारे दहा लाख मलेशियन परदेशी राहत होते आणि त्यांतील जवळपास एक तृतीयांश उच्चशिक्षित होते. या उच्चशिक्षितांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या सिंगापुरात होते.

याचे पहिले कारण चलनात आहे. १९६५ मध्ये सिंगापूर मलेशियातून वेगळे झाले, तरी १९७३ पर्यंत दोन्ही देशांची नाणी एकास एक या दराने बदलून मिळत. पुढे वाटा फुटल्या. सिंगापूरच्या डॉलरची किंमत वाढत गेली आणि अलीकडच्या काही वर्षांत एका डॉलरला तीनपेक्षा जास्त रिंगिट मोजावे लागले. उदाहरणादाखल हिशेब करू. समजा, नवख्या अभियंत्याला क्वालालंपूरमध्ये तीन हजार रिंगिट मिळतात आणि सिंगापुरात चार हजार डॉलर. खोलीचे भाडे, जेवणखाण व प्रवास यांवर दोन हजार डॉलर गेले, तरी उरलेल्या दोन हजारांचे, ३.२ च्या दराने, ६ हजार ४०० रिंगिट होतात. म्हणजे मायदेशातील संपूर्ण पगाराच्या दुपटीहून अधिक रक्कम केवळ शिल्लक पडते. राहायला जोहोरमध्ये आणि नोकरीला सिंगापुरात असेल, तर फायदा आणखी मोठा. त्याची किंमत रोजच्या तीन-चार तासांच्या प्रवासाने चुकवावी लागते.

मात्र चलनाचा फरक माणसाला पलीकडे नेतो. तिथे कायमचे राहण्याची कारणे वेगळी आहेत. सिंगापुरात कायम निवासाचा परवाना मिळाला, की मालकाला त्या कर्मचाऱ्याच्या निवृत्तिनिधीत वाटा भरावा लागतो. काही वर्षांनी सरकारी गृहनिर्माण मंडळाची पुनर्विक्रीतील सदनिका घेता येते. मुले तिथल्या शाळेत रुळतात. पुढे नागरिकत्वाचा प्रश्न येतो आणि दोन्ही देशांना दुहेरी नागरिकत्व मान्य नसल्याने एक पासपोर्ट परत करावा लागतो. तिथवर पोहोचलेले कुटुंब सहसा मागे फिरत नाही.

'भूमिपुत्र' हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. मलेशियात तर तो शासकीय धोरणाचाच शब्द आहे. १९६९ च्या वांशिक दंगलींनंतर १९७१ मध्ये आलेल्या नव्या आर्थिक धोरणाने मलय व अन्य मूळ रहिवाशांना शिक्षण, सरकारी नोकऱ्या आणि उद्योगांतील भागीदारी यांत प्राधान्य दिले. ग्रामीण मलय समाजाचे दारिद्र्य पाहता त्यामागील हेतू समजण्याजोगा होता आणि त्याचा लाभही झाला. पण चिनी व भारतीय वंशाच्या हुशार मुलांना त्याचा अर्थ असा लागला, की गुण मिळवूनही जागेची खात्री नाही. जागतिक बँकेच्या त्याच अहवालासाठी घेतलेल्या पाहणीत परदेशस्थ मलेशियनांनी देश सोडण्याची कारणे सांगताना कारकिर्दीच्या संधी आणि सामाजिक अन्याय यांचा उल्लेख पगारापेक्षाही अधिक वेळा केला.

सिंगापूरने ही नाराजी अचूक हेरली. शाळकरी वयातच शिष्यवृत्ती देऊन मुलांना नेले जाते. मलेशियातील स्वतंत्र चिनी शाळांचे प्रमाणपत्र तिथली सरकारी विद्यापीठे दीर्घकाळ नाकारत आली. सिंगापूरची विद्यापीठे ते स्वीकारतात. परदेशी विद्यार्थ्याने सरकारी शुल्कसाहाय्य घेतल्यास पदवीनंतर तीन वर्षे सिंगापूरच्या संस्थेत काम करण्याचा करार करावा लागतो. तीन वर्षे म्हणजे पहिली बढती, ओळखीपाळखी आणि बहुधा लग्नही. शालेय शिक्षणाचा खर्च मलेशियाचा, कमावती वर्षे सिंगापूरची, असा हा व्यवहार आहे.

डॉक्टरांच्या बाबतीत तो अधिक बोचतो. २०१६ च्या अखेरीपासून मलेशियातील सरकारी रुग्णालयांत नवे डॉक्टर कंत्राटी पद्धतीने घेतले जाऊ लागले. कायम नोकरी आणि तज्ज्ञ होण्याचा मार्ग, दोन्ही अनिश्चित झाले. जुलै २०२१ मध्ये, करोनाची साथ भरात असताना, या डॉक्टरांनी काम थांबवून निषेध केला. मलाया विद्यापीठाची वैद्यकीय पदवी सिंगापुरात ग्राह्य धरली जाते, हे त्यांच्यापैकी प्रत्येकाला ठाऊक असते.

मलेशिया सरकार स्वस्थ बसले आहे, असे नाही. २०११ मध्ये परदेशातील गुणवंतांना परत आणण्यासाठी स्वतंत्र संस्था स्थापन झाली आणि परतणाऱ्यांना पाच वर्षे सरसकट १५ टक्के प्राप्तिकराची सवलत मिळाली. पण वर मांडलेल्या हिशेबात प्राप्तिकर हा किरकोळ घटक आहे. पगार इतका कमी असताना करात काही टक्के वाचवून कोण परतेल? शिवाय मुलाच्या विद्यापीठ प्रवेशाची चिंता करसवलतीने मिटत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दोन्ही देशांनी जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राचा करार केला. सिंगापूरच्या कंपन्यांनीच जोहोरमध्ये यावे, म्हणजे तिथल्या तरुणांना घराजवळ चांगली नोकरी मिळेल, अशी अपेक्षा आहे. त्या नोकऱ्यांचे पगार रिंगिटमध्ये ठरणार आहेत. त्याच वेळी जोहोर बारू आणि वुडलँड्स यांना जोडणारा नवा रेल्वेमार्गही उभारला जात होता. ताशी दहा हजार प्रवासी प्रत्येक दिशेने वाहून नेण्याची त्याची क्षमता आहे आणि गाडीचा प्रवास पाच मिनिटांचा.